पहिल्या लेण्याचे दोन खांब

अजिंठ्याच्या पहिल्या लेण्याच्या ओसरीपुढे एके काळी दोन खांबांवर तोललेला मुखमंडप होता. आज ते खांब तिथे नाहीत. ते होते आणि नेमके कुठे होते, हे एकोणिसाव्या शतकातल्या छायाचित्रांत दिसते. साधार इतिहासात एवढ्यावर थांबून चालत नाही. समोरून घेतलेला फोटो खांबाची जागा सांगतो, दर्शनी भागाशी असलेले त्याचे प्रमाण सांगतो, पण मंडप किती खोल होता हे सांगत नाही. मागच्या बाजूच्या कोरीवकामाबद्दल तर तो अवाक्षरही काढत नाही.

आज जळगाव-धुळ्याच्या एखाद्या आर्किटेक्टच्या ऑफिसात ऑटोकॅडवर काम करताना चुकून खांब डिलीट झाला, तर कंट्रोल-झेड दाबले की तो परत येतो. मधे दुसरे काम झाले असेल, तर 'ऊप्स' ही कमांड शेवटचे पुसलेले तेवढेच परत आणते. फाइल सेव्ह झाली असली, तरी आधीच्या सेव्हची बीएके प्रत बहुधा त्याच फोल्डरमध्ये असते. तीही गेली, तर जुनी प्रिंट, मंजूर नकाशा आणि जागेवरची मापे एवढेच हाती उरते. अजिंठ्याचा अभ्यासक नेहमी या शेवटच्या पायरीवरच उभा असतो.

ही लेणी आज छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात आहेत. तरी त्यांच्या पायथ्याची वाघूर खाली उतरून तापीला मिळते आणि जळगावची तहान भागवते. त्यामुळे खानदेशाला ती परकी कधी वाटली नाहीत. १८१९ साली जॉन स्मिथ हा इंग्रज अधिकारी तिथे पोचला. जेम्स फर्ग्युसनने १८४३मध्ये रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे या लेण्यांविषयी निबंध वाचला, आणि त्यानंतर कंपनी सरकारने मद्रास सैन्यातल्या रॉबर्ट गिलला चित्रांच्या नकला करायला पाठवले. गिलने जवळजवळ वीस वर्षे तिथे काम केले. स्थानिक पारोवरच्या त्याच्या प्रेमाची कहाणी सगळे सांगतात, त्याच्या कामाचे काय झाले हे फारसे कोणी सांगत नाही.

त्याच्या नकला लंडनला गेल्या आणि सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लागल्या. ३० डिसेंबर १८६६ रोजी तिथे आग लागली. प्रदर्शनात नव्हत्या त्या मोजक्या नकला वाचल्या, बाकी सगळ्या गेल्या. मग मुंबईच्या जे. जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स १८७२पासून विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा नकलेला बसले. १८८५मध्ये त्यांच्याही कितीतरी नकला लंडनमध्येच जळाल्या. शिवाय त्यांनी मूळ भिंतींवर व्हार्निश दिले होते. ते पुढे पिवळे पडून रंग झाकोळले, त्यामुळे आजच्या भिंतीवरून मूळ छटा ठरवताना सावध राहावे लागते.

जे गेले त्यातले काय परत मिळते? १८५६च्या मिसेस स्पायर यांच्या 'लाइफ इन एन्शन्ट इंडिया' या पुस्तकात गिलच्या नकलांवरून केलेली लाकडी ठशांची चित्रे आहेत. त्यांत रेषा मिळते, रंग मिळत नाही. ग्रिफिथ्सच्या १८९६-९७च्या दोन खंडांत रंग आहेत, पण ते गिलच्या वेळेनंतर बऱ्याच वर्षांनी टिपलेले. माझ्या मते सगळ्यांत भरवशाचा पुरावा गिलच्याच स्टीरिओ छायाचित्रांचा आहे. त्यांतली काही १८६४मध्ये फर्ग्युसनबरोबर पुस्तकरूपाने निघाली. किंचित वेगवेगळ्या ठिकाणांहून घेतलेल्या दोन चित्रांमुळे खोलीचा अंदाज येतो, आणि साध्या फोटोला नेमके तेच जमत नाही. ज्या माणसाची चित्रे जळाली, त्याच्याच कॅमेऱ्याने लेण्यांची बांधणी राखून ठेवली, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. १८७९मध्ये गिल वारला. भुसावळला त्याची कबर आहे.

अशी साधने फक्त लंडनमध्येच असतात असे नाही. खानदेशातल्या कितीतरी घरांत अजिंठ्याच्या सहलीचे जुने फोटो पडून असतील. माणसांच्या मागे उभा असलेला खांब, छताची फुटलेली कड, दुरुस्तीआधीची पायरी, यांतले काहीही त्यांत सापडू शकते. घर आवरताना ते टाकू नका. मागे साल आणि लेण्याचा क्रमांक लिहा, चांगली स्कॅन प्रत करा, आणि धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळासारख्या ठिकाणी जाणत्यांना एकदा दाखवा.