तारेने पाठवलेली फुलं

मागच्या व्याख्यानात आपण हुंडीपाशी थांबलो होतो. पुण्याचा माणूस काशीला निघालाय, बरोबर रोकड न्यायची तर वाटेत लुटारू. मग तो इथल्या सावकाराकडे पैसे भरतो, चिठ्ठी घेतो आणि काशीतला आडत्या ती चिठ्ठी बघून पैसे मोजून देतो. पैसा जागचा हलत नाही. हलते ती पत. हे लक्षात ठेवा, कारण आज मी तुम्हाला अशाच एका हुंडीची गोष्ट सांगणार आहे. फक्त ती पैशांची नाही, फुलांची आहे, आणि ती वटायची अमेरिकेच्या मिडवेस्टमधल्या छोट्या छोट्या गावांत.

मिडवेस्ट म्हणजे ओहायो, इंडियाना, इलिनॉय, आयोवा वगैरे. मक्याची शेतं, एक मुख्य रस्ता, कोर्टाची इमारत, दोन-चार चर्चेस. अशा गावात एकोणिसाव्या शतकात कुणाला फुलं द्यायची तर ती परसातून तोडली जात. यादवी युद्धानंतर, 1868 साली, जनरल जॉन लोगन यांनी 30 मे हा दिवस सैनिकांच्या थडग्यांवर फुलं वाहण्यासाठी ठरवून दिला. हे लोगन स्वतः इलिनॉयचे. त्या सुमाराला मिडवेस्टमध्ये पिओनी फुलते. मोठं, पाकळ्यांनी गच्च भरलेलं फूल. बायका कळ्या थोड्या आधीच कापून ठेवत, थंड तळघरात टिकवत आणि 30 तारखेला बादल्या भरभरून दफनभूमीत नेत. या सगळ्यात दुकान कुठेच नव्हतं. फूल देणारा आणि घेणारा एकाच गावात राहत होते ना!

पुढे काय झालं? मुलं गाव सोडून गेली. कुणी शिकागोला, कुणी डेट्रॉइटला मोटारींच्या कारखान्यात, कुणी क्लीव्हलंडला. 1920 च्या जनगणनेत अमेरिकेत पहिल्यांदा शहरी लोकसंख्या निम्म्याच्या वर गेली. त्याची दुसरी बाजू अशी, की गावोगावी आई-वडील मागे राहिले. मुलगा शिकागोत, आई इंडियानात, आणि आईचा वाढदिवस उद्या. पत्र पाठवता येतं, पैसे पाठवता येतात. फूल कसं पाठवणार? आगगाडीत टाकलं तर पोचेपर्यंत मान टाकेल. आणि स्टेशनवरून घरापर्यंत कोण नेणार?

याचं उत्तर 1910 साली सापडलं. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरात फूलविक्रेत्यांचं अधिवेशन भरलं होतं. तिथे पंधराएक दुकानदार एकत्र आले आणि त्यांनी ठरवलं, की एकमेकांच्या ऑर्डरी आपण पुऱ्या करायच्या. संस्थेचं नाव फ्लोरिस्ट्स टेलिग्राफ डिलिव्हरी. पुढे सगळे तिला एफटीडी म्हणू लागले. 1914 पासून तिचं चिन्ह म्हणजे पायांना पंख असलेला रोमन देव मर्क्युरी. गंमत बघा, हा देव निरोप्यांचा, आणि व्यापाऱ्यांचाही.

आता काम कसं चाले ते सांगतो. शिकागोतला मुलगा आपल्या कोपऱ्यावरच्या दुकानात जाई, पाच डॉलर देई, चिठ्ठीवर काय लिहायचं ते सांगे. दुकानदार सभासदांच्या यादीत आईचं गाव काढी आणि तिथल्या दुकानाला तार करी. तारेला शब्दागणिक पैसे, त्यामुळे मजकूर अगदी मोजका. नाव, पत्ता, किती रकमेची फुलं, प्रसंग कोणता, निरोप काय. तासा-दोन तासांत गावातला दुकानदार आपल्या जवळची फुलं बांधून दारात हजर. म्हणजे शिकागोहून एक पाकळीसुद्धा निघालेली नाही. फूल आईच्याच गावातलं, कदाचित तिच्याच गल्लीच्या टोकाला उमललेलं. आणि आई शेजारणीला सांगणार, शिकागोहून मुलाने फुलं पाठवली! ते खोटं होतं का? मला तसं वाटत नाही. काशीत मिळालेले रुपये पुण्याचे नव्हते असं कोण म्हणेल?

पण हुंडीसारखीच इथेही खरी मेख हिशोबात होती. सुरुवातीला दुकानं एकमेकांना थेट बिलं पाठवत. गावातल्या दुकानदाराने फुलं तर देऊन टाकली, आता तीनशे मैलांवरच्या अनोळखी माणसाने पैसे बुडवले तर? म्हणून संस्थेने क्लिअरिंग हाऊस काढलं. सगळ्यांच्या ऑर्डरी एका जागी नोंदवायच्या, कुणाचं देणं किती, येणं किती याची वजावट करायची आणि महिन्याला उरलेला फरक तेवढा द्यायचा. वाटणी पुढे साधारण अशी रूढ झाली: ऑर्डर घेणाऱ्याला विसेक टक्के, संस्थेला थोडे आणि सत्तरच्या वर टक्के फुलं देणाऱ्याला. हे टक्के लक्षात असू द्या, पुढे लागतील.

ही फुलं येत कुठून? इथे मी तुम्हाला इंडियानातल्या रिचमंडला नेतो. ओहायोच्या सीमेजवळचं गाव, आजची वस्ती पस्तीस हजारांच्या आसपास. क्वेकर लोकांनी वसवलेलं, नॅशनल रोड या जुन्या हमरस्त्यावरचं, रेल्वेचं. तिथे हिल नावाच्या कुटुंबाने काचघरं उभारली. ई. गर्नी हिल आणि पुढे जोसेफ हिल. मिडवेस्टचा हिवाळा शून्याच्या खाली वीस-वीस अंश जाणारा, आणि त्यात हे लोक काचेखाली गुलाब फुलवत. कोळशाचे बॉयलर रात्रभर धगधगत ठेवायचे, एखाद्या रात्री झोप लागली तर अख्खा बाग खलास. ‘रिचमंड’ नावाचा लाल गुलाब, ‘कोलंबिया’, ‘मॅडम बटरफ्लाय’, ‘बेटर टाइम्स’ ही सगळी त्यांची निर्मिती. ‘बेटर टाइम्स’ आला 1934 साली, ऐन महामंदीत. नाव काय ठेवलंय बघा, ‘बरे दिवस’! (हशा) तिकडे इलिनॉयमध्ये पाना नावाचं असंच एक छोटं गाव स्वतःला गुलाबांचं शहर म्हणवून घेई. सांगायचा मुद्दा, छोटी गावं फुलं फक्त घेत नव्हती. मोठ्या शहरांना पुरवतही होती.

मातृदिनाची गोष्ट इथे सांगायलाच हवी. ती मिडवेस्टची नाही, शेजारच्या वेस्ट व्हर्जिनियाची आहे, पण आपल्या विषयाला अगदी चपखल बसते. ॲना जार्व्हिस ही फिलाडेल्फियात राहणारी बाई. तिची आई ग्राफ्टन या छोट्या गावातल्या चर्चमध्ये शिकवायची. आई गेली. 10 मे 1908 ला त्या चर्चमध्ये आईंच्या सन्मानाची प्रार्थना झाली, तेव्हा ॲना स्वतः तिथे नव्हती. तिने तिथे 500 पांढरी कार्नेशन पाठवली. सहा वर्षांनी राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी हा दिवस देशभर जाहीर केला आणि फूलविक्रेत्यांच्या घरी जणू दिवाळी आली. मे महिन्यात कार्नेशनचे भाव चढू लागले. ॲना भडकली. मी हा दिवस भावनेसाठी काढला, तुमच्या गल्ल्यासाठी नव्हे, असं ती आयुष्यभर भांडत राहिली. 1925 मध्ये फिलाडेल्फियात कार्नेशनच्या विक्रीला विरोध करताना तिला शांतताभंगासाठी अटकही झाली. तिचा राग मला समजतो. पण ज्या मुलाला आईपर्यंत जाता येत नाही, त्याने काय करावं, याचं उत्तर तिच्याकडेही नव्हतं. तिनेही फुलंच पाठवली होती.

आता एक कमी सुंदर गोष्ट. छोट्या गावातल्या फुलांच्या दुकानाचं पोट मातृदिनावर किंवा व्हॅलेंटाइनवर चालत नसे. ते चाले मयतीवर. गाव सोडून गेलेला प्रत्येक भाचा, प्रत्येक जुना सहकारी, येऊ शकला नाही तरी फुलं पाठवी. पुढे मृत्यूच्या बातमीखाली ‘कृपया फुलं नकोत’, त्याऐवजी अमुक धर्मादायाला देणगी द्या, अशी ओळ छापून येऊ लागली, तेव्हा फूलविक्रेत्यांच्या संघटना ती ओळ गाळावी म्हणून वर्तमानपत्रांच्या मागे लागल्या. हसू येतं, पण दुकानदाराच्या जागी बसून बघा.

मग काचघरांचं काय झालं? 1967 साली कोलोराडोतल्या डेव्हिड चीव्हर नावाच्या विद्यार्थ्याने पदव्युत्तर अभ्यासात दाखवून दिलं, की कोलंबियातलं बोगोटाचं पठार फुलांसाठी आदर्श आहे. विषुववृत्ताजवळ असल्याने ऊन बाराही महिने सारखं, उंचीमुळे हवा थंड. ना कोळसा, ना बॉयलर. दोन वर्षांत त्याने आणि सोबत्यांनी तिथे फूलशेती सुरू केली. 1973 मध्ये तेलाचे भाव भडकले आणि मिडवेस्टच्या काचघरांचं कंबरडं मोडायला लागलं. 1991 मध्ये अमेरिकेने कोलंबियासारख्या अँडीजमधल्या देशांच्या फुलांवरची जकात काढली. आज गुलाब विमानाने मायामीत उतरतो, तिथून थंड ट्रकने उत्तरेला जातो. रिचमंडच्या ग्लेन मिलर बागेत हिल यांच्या नावाची गुलाबवाटिका आहे, पण दुकानातल्या बादलीतला गुलाब बहुधा दक्षिण अमेरिकेचा. आपल्या मावळातल्या तळेगावचे पॉलिहाऊसवालेही याच जागतिक बाजारात फेब्रुवारीसाठी महिनोन् महिने आधी छाटणीचं गणित मांडतात, हे तुमच्यातल्या काहींना ठाऊक असेल.

म्हणजे 1910 च्या मानाने चित्र उलटं झालं. तेव्हा फूल गावातलं होतं आणि फक्त निरोप प्रवास करायचा. आता फूलही हजारो मैल येतं. तरी एक गोष्ट गावातलीच राहिली होती. ते म्हणजे दुकानदाराला असलेली माहिती.

याचा अनुभव मला स्वतःला आला. मी काही वर्षं इंडियानातल्या एका लहान गावात शिकत होतो. ज्या आजींच्या घरी राहायचो, त्या गेल्याचं इथे पुण्यात कळलं. रात्रीचे अकरा वाजलेले, म्हणजे तिकडे दुपारचा दीड. इंटरनेटवर गावाचं नाव टाकलं, त्याच नावाचं एक फुलांचं दुकान आलं, पैसे भरले. नंतर कळलं, त्या नावाचं दुकान गावात नव्हतंच. ऑर्डर घेणारी कंपनी दुसऱ्याच राज्यात बसलेली. गावोगावची नावं लावायची, ऑर्डर गोळा करायची, वर सेवाशुल्क घ्यायचं, आपला वाटा कापून उरलेल्या पैशांत कुठल्यातरी दुकानाकडे ढकलायची. मघाचे टक्के आठवा. देणाऱ्याच्या हाती इतकं कमी उरतं, की बरीच दुकानं अशी ऑर्डर नाकारतात. माझी फुलं पोचली, दफन झाल्यावर दुसऱ्या दिवशी. अशा फसव्या नावांविरुद्ध काही राज्यांनी कायदे केले आहेत, पण मला त्याचा काय उपयोग होता?

वर्षभराने आजींच्या वाढदिवसाला मी गावातल्या खऱ्या दुकानाचा नंबर एका जुन्या मित्राकडून घेतला आणि थेट फोन लावला. पलीकडे एक बाई. मी नाव सांगितलं, दफनभूमी सांगितली. त्या म्हणाल्या, तिथल्या टेकडीवर वारा फार, उंच फुलदाणी पडेल, मी बुटकी करते. मग विचारलं, त्यांना पिओनी आवडायच्या ना? चर्चला दर जूनमध्ये आणून द्यायच्या त्या. दुकानात नाहीत, पण माझ्या परसात दोन झुडपं आहेत, त्यातल्या घालते, चालेल?

मी म्हटलं, चालेल. पिओनीचे पैसे त्यांनी लावले नाहीत.

पुढच्या वेळी आपण मनीऑर्डरकडे वळू. आता प्रश्न असतील तर विचारा.