दाढ दुखायची थांबली म्हणजे बरी झाली का? दातांचे नेहमीचे आजार आणि त्यांवरील उपचार

वर्धा जिल्ह्यातील कारंजा (घाडगे) हा संत्र्याच्या बागांचा तालुका. तोडणीच्या दिवसांत दाढ ठणकू लागली, तर बहुतेक जण गोळी घेऊन काम सुरू ठेवतात. चार दिवसांनी ठणका थांबतो आणि दवाखान्याचा विषय मागे पडतो. इथेच फसगत होते. दातांच्या बहुतेक आजारांत दुखणे उशिरा सुरू होते, आणि ते आपोआप थांबले तर आजार बरा झालेला नसतो, पुढे सरकलेला असतो.

दात का किडतो?

दातावरचे पांढरे कवच, म्हणजे इनॅमल, हा शरीरातील सर्वांत कठीण भाग आहे. पण त्यात नस नसते, त्यामुळे ते झिजताना दुखत नाही. तोंडातील जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात आणि हे आम्ल कवच पोखरते. लाळ त्या आम्लाचा जोर कमी करते, पण त्याला अर्धा-पाऊण तास लागतो. म्हणून दिवसभरात किती गोड खाल्ले यापेक्षा किती वेळा खाल्ले, हे जास्त महत्त्वाचे. जेवणासोबत खाल्लेल्या एका लाडवापेक्षा दिवसभर घोट-घोट घेतलेला गोड चहा दातांना जास्त महागात पडतो.

संत्रे आरोग्याला चांगलेच. मात्र आंबट फळ खाल्ल्यावर लगेच ब्रश करू नये. आम्लाने कवच तात्पुरते मऊ झालेले असते. आधी साध्या पाण्याने चूळ भरावी आणि अर्ध्या तासाने ब्रश करावा.

दुखण्यावरून काय ओळखायचे?

• दातावर काळा डाग किंवा खड्डा, पण दुखणे नाही: कीड बहुधा वरच्या थरांत आहे. किडलेला भाग काढून सिमेंट भरले की काम होते. हा सर्वांत स्वस्त आणि सोपा टप्पा.

• थंड किंवा गोड लागले की क्षणभर कळ येते: कीड आतल्या थरात गेली असू शकते. अनेकदा अजूनही सिमेंट भरून दात वाचतो.

• कळ बराच वेळ टिकते, रात्री झोपमोड होते: दाताच्या आतील नस सुजली आहे. आता बहुधा रूट कॅनाल लागते.

• ठणका अचानक थांबला: नस मेलेली असू शकते. जंतुसंसर्ग मुळाच्या टोकाकडे सरकतो. काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी हिरडीवर पुळी येते, गाल सुजतो.

गाल किंवा गळ्याकडे सूज, ताप, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास, अशी लक्षणे दिसली तर उद्याची वाट पाहू नका. त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जा.

रूट कॅनालमध्ये काय करतात?

आधी इंजेक्शन देऊन जागा बधिर करतात. मग दातातील खराब नस काढून आतील नळ्या स्वच्छ करतात आणि त्या भरून बंद करतात. यासाठी साधारण एक ते तीन भेटी लागतात. पहिल्या भेटीतच दुखणे थांबते, म्हणून अनेक जण पुढे येत नाहीत. अशा अर्धवट दातात पुन्हा संसर्ग होतो. उपचारानंतर दाढेवर बहुधा कॅप बसवावी लागते, कारण पोखरलेली दाढ चावताना तुटू शकते.

दात वाचण्यासारखा नसेल तर काढावा लागतो. वरची दाढ काढली की नजर जाते, हा गैरसमज आहे. डोळ्याची नस आणि दाताची नस वेगवेगळी असते. दात काढल्यावर कापूस अर्धा-पाऊण तास दाबून धरावा. २४ तास जोरात थुंकू नये, चूळ भरू नये, तंबाखू खाऊ नये. रक्ताची गुठळी निघाली तर जखम फार दुखते. मधुमेह, हृदयविकार, गर्भारपण किंवा रक्त पातळ करणारी गोळी सुरू असल्यास डॉक्टरांना आधी सांगावे. ती गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये.

हिरड्यांतून रक्त येते

दातांवरचा चिकट थर रोज निघाला नाही, तर तो कडक होऊन किटण बनतो. हे किटण ब्रशने निघत नाही. हिरड्या सुजतात, ब्रश करताना रक्त येते, आणि पुढे हाड झिजून दात हलू लागतात. किटण काढण्याला स्केलिंग म्हणतात. त्याने दात सैल होत नाहीत. किटणाने भरलेली फट मोकळी झाल्यामुळे तसे वाटते. मधुमेहात हा आजार लवकर वाढतो, आणि हिरड्या खराब असतील तर साखरही आटोक्यात राहत नाही.

खर्रा आणि न उघडणारे तोंड

महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली, पण विदर्भात पानठेल्यावर घोटून दिला जाणारा खर्रा सुटलेला नाही. त्यातील सुपारीमुळे गालाची आतील त्वचा कडक होते. आधी तिखट झोंबते, मग तोंड कमी उघडू लागते. तंबाखू नसलेली सुपारीही कर्करोगाला कारण ठरते.

घरच्या घरी तपासा: आपलीच तीन बोटे उभी धरून समोरच्या वरच्या आणि खालच्या दातांमध्ये बसतात का? बसत नसतील तर दंतवैद्याला दाखवा. कडक झालेली त्वचा पूर्ववत होत नाही, पण सवय लगेच सोडली तर पुढचे नुकसान कमी करता येते. तोंड उघडत नसेल तर मागच्या दाढेचे रूट कॅनालही करता येत नाही. दोन आठवड्यांत न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा असेल तर तोही लगेच दाखवावा. सवय सोडण्यासाठी १८००-११-२३५६ या राष्ट्रीय क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो.

मुलांची एक दाढ विसरू नका

सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दातांच्या मागे एक नवी दाढ येते. ती दुधाची समजून दुर्लक्ष होते. ती कायमची असते, पडली की पुन्हा येत नाही.

कुठे दाखवायचे?

जवळच्या सरकारी रुग्णालयात दंतचिकित्सक कोणत्या दिवशी असतात, ते आधी विचारून घ्या. मोठ्या उपचारांसाठी वर्ध्याजवळ सावंगी (मेघे) येथे शरद पवार दंत महाविद्यालय आहे. कारंजा नागपूर–अमरावती महामार्गावर असल्याने नागपूरचे शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालयही सोयीचे पडते.

दिवसातून दोनदा, विशेषतः रात्री झोपताना, फ्लोराइडच्या पेस्टने ब्रश करा आणि वर्षातून एकदा तरी दात तपासून घ्या. दाढ ठणकून थांबली असेल, तर या आठवड्यात एक दिवस त्यासाठी काढा. आज एका भेटीत भरता येणारा खड्डा पुढच्या हंगामापर्यंत दात काढण्याची वेळ आणू शकतो.