पाळण्याचा खर्च कोणाचा? : महाराष्ट्रातील पाळणाघरांचा इतिहास

पाळणाघर हा शब्द आज प्रामुख्याने शहरातील नोकरदार मध्यमवर्गाशी जोडला जातो आणि स्त्रिया कचेऱ्यांत नोकरी करू लागल्यानंतर, एकत्र कुटुंबे विभागली गेल्यानंतर ही सोय निर्माण झाली, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. ही समजूत अपुरी आहे. महाराष्ट्रात कामकरी आईच्या मुलाला दिवसभर कोणी सांभाळायचे, हा प्रश्न सार्वजनिक प्रश्न म्हणून प्रथम पुढे आला तो मुंबईच्या कापड गिरण्यांमुळे आणि त्याला कायद्याने दिलेले पहिले उत्तरही कारखान्याच्या आवारातच घडले. या इतिहासात मूल सांभाळण्याची गरज कोणी फारशी नाकारलेली दिसत नाही. वाद झाला तो त्याचा खर्च कोणी उचलायचा याविषयी, आणि तो वाद न मिटल्यामुळे खर्चाचा भार पुन्हा पुन्हा कोणा ना कोणा स्त्रीवर, किंवा थेट मुलावरच, येऊन पडला.

मुंबईतील पहिली कापड गिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केली आणि पुढील अर्धशतकात परळ, लालबाग, भायखळा, वरळी हा सारा परिसर गिरणगाव म्हणून ओळखला जाऊ लागला. १९२० च्या दशकात या गिरण्यांतील कामगारांपैकी सुमारे एक पंचमांश स्त्रिया होत्या. त्यांतील बहुतेकजणी रिळिंग आणि वाइंडिंग या खात्यांत, म्हणजे कातलेले सूत रिळांवर व बॉबिनींवर गुंडाळण्याच्या कामावर असत आणि त्यांच्यावर देखरेख करणाऱ्या स्त्री मुकादमाला नायकीण म्हणत. त्यांची मजुरी बहुधा कामाच्या मापावर ठरत असल्यामुळे बाळाला पाजण्यासाठी घेतलेला प्रत्येक खंड कमाईतून वजा होई. १९२२ च्या कारखाना कायद्याने कामाची मर्यादा दिवसाला ११ व आठवड्याला ६० तासांवर आणली असली, तरी चाळीपासून गिरणीपर्यंतची पायपीट आणि घरचा स्वयंपाक त्याव्यतिरिक्तच होता. चाळीतील एका खोलीत अनेकदा एकाहून अधिक कुटुंबे राहत आणि सासू किंवा आई कोकणात वा घाटावर, गावच्या घरी, मागे राहिलेली असे; त्यामुळे गावात जी माणसे मूल सांभाळत, तीच शहरात हाताशी नसत.

अशा स्थितीत गिरणीतील स्त्रीपुढे तीनच मार्ग उरत. मूल एखाद्या शेजारणीकडे थोडे पैसे देऊन ठेवणे, सहासात वर्षांच्या थोरल्या मुलीवर ते सोपवणे, किंवा त्याला सोबत गिरणीत नेऊन सुताच्या तंतूंनी भरलेल्या हवेत यंत्राजवळ निजवणे. या तिन्ही मार्गांना एका गोष्टीची जोड असे, ती म्हणजे बाळागोळी. बाळागोळी ही अफूमिश्रित छोटी गोळी दुधात किंवा पाण्यात उगाळून तान्ह्या मुलाला दिली जाई, जेणेकरून आई परत येईपर्यंत ते गुंगीत पडून राहावे. मुंबई सरकारने स्त्री कामगारांच्या बाळंतपणाच्या परिस्थितीची चौकशी करण्यासाठी डॉ. बार्न्स या स्त्री डॉक्टरची नेमणूक केली होती. त्यांच्या १९२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात गिरणीत काम करणाऱ्या स्त्रियांची जवळजवळ सर्व तान्ही मुले अफूवर ठेवली जात असल्याचे नोंदवलेले आहे. अफूचा परिणाम केवळ झोपेपुरता नव्हता. गुंगीतील मुलाला भूक कळत नसे, ते दूध मागत नसे आणि हळूहळू कुपोषित होत जाई. १९२१ साली मुंबईत नोंदवलेल्या दर हजार जन्मांमागे सुमारे ६६६ अर्भकमृत्यू झाले, असा आकडा त्या काळच्या चर्चेत वारंवार आढळतो. अनेक स्त्रिया बाळंतपणासाठी गावी जात असल्याने मुलाचा जन्म गावात आणि मृत्यू मात्र मुंबईत नोंदला जाई व त्यामुळे हे प्रमाण काही अंशी फुगलेले दिसते, हे खरे आहे. परंतु ही वजावट करूनही उरणारी हानी भयावह होती. मूल सांभाळण्याचा खर्च कोणीही उचलत नसे तेव्हा तो मूलच उचलत होते, असा या आकड्यांचा अर्थ आहे.

कायद्याच्या पातळीवर पहिला प्रयत्न कामगार नेते ना. म. जोशी यांनी केला. १९२४ मध्ये त्यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात प्रसूतिलाभाचे विधेयक मांडले, परंतु ते फेटाळले गेले. त्यानंतर मुंबई प्रांताच्या कायदेमंडळात आसवले यांनी मांडलेल्या विधेयकातून १९२९ चा मुंबई प्रसूतिलाभ कायदा झाला. प्रसूतीच्या आधी व नंतर ठरावीक आठवडे रजा आणि त्या काळात रोज आठ आणे भत्ता मालकाने द्यावा, अशी त्याची मुख्य तरतूद होती. १९२८ मध्ये या विधेयकाला पाठिंबा देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मांडलेला युक्तिवाद या साऱ्या प्रश्नाच्या मुळाशी जाणारा आहे. आईला प्रसूतीच्या आगेमागे विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि लोककल्याण हे प्रथमतः सरकारचे कर्तव्य असल्यामुळे या खर्चाचा मोठा भाग सरकारनेच उचलायला हवा, मात्र स्त्रियांना कामावर ठेवण्यात मालकाचा लाभ असल्याने त्यालाही जबाबदारीतून पूर्ण सूट मिळू शकत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. कायदा झाला, पण खर्चाची ही विभागणी त्यात उतरली नाही. सारा भार स्त्रीला कामावर ठेवणाऱ्या मालकावर पडला आणि पुढील जवळजवळ सर्व कायद्यांनी हाच साचा गिरवला.

व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालील शाही कामगार आयोगाने १९३१ च्या अहवालात स्त्रियांची संख्या मोठी असलेल्या कारखान्यांत सहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी पाळणाघरे असावीत, अशी शिफारस केली. १९३४ च्या कारखाना कायद्याने पन्नासहून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यांत मुलांसाठी स्वतंत्र खोली राखून ठेवायला लावण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांना दिला, तर १९४८ च्या कायद्याच्या ४८ व्या कलमाने अशा कारखान्यांना पाळणाघर सक्तीचे केले. या कलमाखालील नमुना नियम बारकाईने पाहिले, तर चांगल्या संगोपनाची त्या पिढीची कल्पना स्पष्ट होते. प्रत्येक मुलामागे किमान वीस चौरस फूट जागा, पाळणा किंवा बिछाना, अंघोळीची व कपडे बदलण्याची सोय, दररोज किमान अर्धा पाइंट, म्हणजे सुमारे पाव लिटरहून थोडे अधिक, शुद्ध दूध आणि आईला कामाच्या वेळात मुलाला पाजण्यासाठी सुट्टी, असे त्यांचे स्वरूप होते. नागपूरच्या एम्प्रेस मिलसारख्या काही गिरण्यांनी सक्ती होण्याआधीच अशी सोय केली होती. तरीही सर्व आया या खोल्यांकडे लगेच वळल्या नाहीत. तान्हे मूल उन्हापावसात गिरणीपर्यंत आणण्याचा त्रास, परक्या जातीच्या बाईच्या हातचे खाण्यापिण्याचा संकोच, दृष्ट लागण्याची भीती आणि इतर मुलांकडून येणाऱ्या रोगराईची धास्ती ही त्यामागची कारणे होती. त्यांतील शेवटचे तर आजच्या आईलाही परके वाटणार नाही.

कायद्यातील खरी उणीव मात्र पन्नास या आकड्यात दडलेली होती. पाळणाघराची जबाबदारी एकूण कामगारांच्या नव्हे, तर केवळ स्त्री कामगारांच्या संख्येवर ठरत असल्यामुळे मूल हे फक्त आईचे असते, ही समजूत कायद्याने पक्की केली आणि स्त्रीला कामावर ठेवणे हेच मालकाच्या दृष्टीने वाढीव खर्चाचे कलम ठरले. मुंबईच्या गिरण्यांतील स्त्रियांचे प्रमाण १९३० नंतर सतत घटत गेले. त्यामागे यंत्रांची पुनर्रचना आणि रात्रपाळीत स्त्रियांना असलेली बंदी ही कारणे होतीच, पण प्रसूतिलाभ व पाळणाघर यांचा खर्च टाळण्याची प्रवृत्तीही होती. १९७६ मध्ये पन्नासचा आकडा तीसवर आणला गेला, तोवर गिरण्यांत स्त्रिया थोड्याच उरल्या होत्या. विडी उद्योगात हेच वेगळ्या रीतीने घडले. १९६६ च्या विडी कामगार कायद्यात पाळणाघराची तरतूद होती, परंतु सोलापूर, नगर, सिन्नर, भंडारा या भागांत पाने व तंबाखू घरोघरी वाटून विड्या वळून घेण्याची पद्धत रूढ असल्याने बाळ आईच्या मांडीशी, तंबाखूच्या धुळीतच, वाढत राहिले.

या साच्याबाहेरचा विचार कारखान्यात नव्हे, तर डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर आकाराला आला. ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्यासमवेत १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला होता. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डी येथे अनुताई वाघ यांच्या साथीने काम सुरू केले आणि १९५७ मध्ये ते कोसबाडला हलवले. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळेने वस्तीच्या अंगणात जावे, या विचारातून तेथे अंगणवाडीची कल्पना रुजली आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. विकासवाडीचा प्रयोग तर या लेखाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. त्यात पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी होत्या. वारली मजुरांच्या घरातील थोरली मुलगी कडेवर धाकट्या भावंडाला घेऊन फिरत असल्यामुळेच शिक्षणाला मुकते, हे ताराबाईंनी ओळखले होते. भावंड पाळण्यात आणि बहीण शेजारच्या वर्गात, अशी व्यवस्था केल्यावरच तिचे हात मोकळे होत. मूल सांभाळण्याची सोय केवळ आईच्या मजुरीसाठी नसते, ती दोन मुलांच्या बालपणासाठी असते, हे येथे प्रथमच इतक्या नेमकेपणाने दिसले.

त्यानंतरच्या काळात राज्याने आणि स्वयंसेवी संस्थांनी काही पावले टाकली. १९७२ च्या दुष्काळातून जन्मलेल्या रोजगार हमी योजनेत मजुरांच्या मुलांसाठी कामावर सांभाळाची तरतूद होती आणि पुढे २००५ च्या राष्ट्रीय कायद्याने सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले कामावर आल्यास त्यांना सांभाळणाऱ्या स्त्रीला पूर्ण मजुरी देण्याचे बंधन घातले. बांधकामावरील मजुरांच्या मुलांसाठी मीरा महादेवन यांनी १९६९ मध्ये दिल्लीत सुरू केलेली फिरती पाळणाघरे पुढे मुंबई व पुणे येथेही पोहोचली. १९७५ मध्ये ३३ प्रकल्पांनिशी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने अंगणवाडी हा मराठी मातीत रुजलेला शब्द देशभर नेला. मात्र ही अंगणवाडी दिवसातील मोजके तासच उघडी असल्याने आठ तासांच्या पाळीवर जाणाऱ्या आईचा प्रश्न तिने सोडवला नाही.

दादर, पार्ले, डोंबिवली, पुणे येथील मध्यमवर्गीय पाळणाघर हे या पोकळीतच वाढले. एखाद्या गृहिणीने आपल्या दोन खोल्यांत पाचसात मुले सांभाळायची, त्यांना वरणभात भरवायचा, दुपारी निजवायचे आणि महिनाअखेरीस ठरलेली रक्कम घ्यायची, अशी ही व्यवस्था विश्वासावर चालली आणि तिने हजारो स्त्रियांच्या नोकऱ्या टिकवल्या. परंतु तिला ना कोणता परवाना होता, ना तपासणी. शुल्क आईच्या पगारातून परवडेल इतके ठेवायचे, तर सांभाळणारीच्या हाती पडणारे पैसे तुटपुंजेच राहत. परवडणे आणि दर्जा यांच्यातील ओढाताण ही कोणाच्या हलगर्जीपणातून निर्माण झालेली नाही; सारा खर्च दोन स्त्रियांच्या आपसातील व्यवहारावर सोडल्याचा तो अटळ परिणाम आहे.

२०१७ मध्ये प्रसूतिलाभ कायद्यात झालेल्या दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक केले आणि आईला दिवसातून चार वेळा तेथे जाण्याची मुभा दिली. येथे आकडा जुनाच असला, तरी मोजणी बदलली. स्त्रियांऐवजी सर्व कर्मचारी मोजले गेले आणि बाप असलेला पुरुषही अखेर त्या हिशेबात आला. मात्र शेतमजूर, ऊसतोड कामगार, घरकामगार, विडी कामगार अशा बहुसंख्य आया पन्नास जणांच्या कोणत्याही हजेरीपटावर नसतात, आणि त्यांची मुले जिच्या आधाराने वाढतात त्या अंगणवाडी सेविकेला मिळणाऱ्या रकमेला शासकीय भाषेत आजही वेतन म्हणत नाहीत, मानधन म्हणतात. मान द्यायचा आणि मोल द्यायचे नाही, ही तडजोड त्या एका शब्दात साठलेली आहे; १९२८ मध्ये सरकारच्या वाट्याचा म्हणून सांगितला गेलेला खर्च अजून कोणाच्या पदरी पडतो आहे, हे त्यावरून कळते.