गोष्ट सांगतंय कोण?

निवेदनाचा अभ्यास म्हटलं की प्रथमपुरुषी, तृतीयपुरुषी, सर्वसाक्षी असे शब्द पुढे येतात आणि नवा वाचक दारातच थबकतो. त्याने खुशाल आत यावं. या अभ्यासाचा पहिला धडा मराठी क्रियापदातच आहे. ‘मी पत्र वाचलं’ यातला ‘मी’ पुरुष की बाई, ते कळत नाही. पुढे ‘आणि बाहेर गेले’ एवढं आलं की सांगणारी बाई आहे हे पक्कं होतं. तृतीयपुरुषातही सुटका नाही. ‘मास्तर आला’ लिहायचं की ‘मास्तर आले’? यातलं एक निवडताच निवेदक गावात कुठे उभा आहे, कोणाचा मान राखतो, हे ठरून जातं. पूर्ण अलिप्त निवेदक मराठीत मला म्हणूनच फार अवघड वाटतो.

हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षांत कोण घेतो!’ ही कादंबरी ‘करमणूक’मधून क्रमशः आली. लिहिणारा पुरुष, सांगणारी यमू. खरं तर यमू दोन आहेत. लहान यमूला घरातल्या मोठ्या माणसांच्या बोलण्यातलं निम्मंच उमगतं. आठवणी लिहिणारी यमू विधवा आहे आणि तिला सगळं कळून चुकलं आहे. या दोघींमधल्या अंतरात वाचकाचा जीव तुटतो. हीच हकिगत सर्वज्ञ निवेदकाने सांगितली असती तर तिचं सुधारणेवरचं व्याख्यान झालं असतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (1955) सांगणारा मास्तर बाहेरून आलेला. धनगरांना जे सांगावंसंही वाटलं नसतं, ते त्याला नवं असतं. म्हणून आपल्यालाही दिसतं. खांडेकरांनी ‘ययाति’त (1959) तिघांना बोलतं केलं, शिवाजी सावंतांनी ‘मृत्युंजय’मध्ये (1967) कर्णासह सहा जणांना. तिथे प्रश्न बदलतो: तोंडं वेगळी झाली, पण प्रत्येकाची भाषा वेगळी झाली का? पुढे या प्रश्नावर बराच वेळ थांबायचं आहे.

त्याआधी एक करा. आवडत्या कथेचं एक पान घ्या आणि त्यातल्याच दुसऱ्या पात्राच्या तोंडून लिहून पाहा. जिथे हात अडेल त्या वाक्याखाली रेघ मारा. ते पान हाताशी ठेवून पहिल्या प्रकरणाकडे या.