परराज्यात राहून गावाकडचा फ्लॅट भाड्याने देताय? कारभार सोपवण्याआधी हे बघा

विटा : खानापूर, आटपाडी, तासगाव भागातले गलाई व्यावसायिक केरळ, तामिळनाडूपासून दिल्लीपर्यंत पसरलेले आहेत. तिकडची कमाई विटा, सांगली नाहीतर पुण्यातल्या फ्लॅटमध्ये गुंतते. यात्रेला चार दिवस येणं होतं. बाकी वर्षभर घरात कोण राहतंय हे बघायला माणूस नसतो. भाऊबंदांना तरी किती सांगायचं? मग घर सांभाळणारी कंपनी किंवा एजंट शोधला जातो.

कमिशन किती, हा प्रश्न सगळे आधी विचारतात. खरा प्रश्न करार कोणाच्या नावाने होणार, हा आहे. काही कंपन्या घर स्वतःच्या नावाने घेऊन पुढे दुसऱ्याला देतात. असं असेल तर आत कोण राहतंय, किती भाडं देतंय, हे मालकाला कळतच नाही. करार मालक आणि भाडेकरू यांच्यातच हवा आणि भाडं थेट मालकाच्या खात्यात. कंपनीने तिची फी वेगळी मागावी.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 नुसार भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. ती जबाबदारी घरमालकाची, एजंटाची नव्हे. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल त्याच अटी ग्राह्य धरल्या जातात. शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. ‘अकरा महिन्यांचा आहे, नोटरी चालते’ असं सांगणारा एजंट तिथेच सोडावा. लिव्ह अँड लायसन्स करार आधार पडताळणीवर ऑनलाइन नोंदवता येतो, त्यासाठी गावी यायची गरज नाही.

दुसरी जोखीम कुलमुखत्यारपत्राची. भाडं, दुरुस्ती, सोसायटीचा पत्रव्यवहार एवढ्यासाठी मर्यादित मुखत्यारपत्र पुरतं. त्यात विक्री, गहाण, बक्षीसपत्र यातला एकही शब्द नको. छापील नमुन्यात हे शब्द बऱ्याचदा आधीच असतात, म्हणून सहीआधी ओळ न् ओळ वाचून घ्यावी.

महारेराचा नंबर दाखवला म्हणून भुलू नये. ती नोंदणी प्रकल्पातल्या घरांच्या खरेदी-विक्रीसाठी असते, भाड्याच्या कारभारासाठी नाही. त्यापेक्षा कंपनीकडे आधीपासून घर दिलेल्या दोन मालकांशी फोनवर बोलावं. घर रिकामं झाल्यावर डिपॉझिटचा हिशेब किती दिवसांत मिळाला आणि दुरुस्तीची मूळ बिलं दाखवली का, हे त्यांनाच विचारावं.