अलिबागहून आलेला माणूस

"मी काय अलिबागहून आलोय?" हे वाक्य मी बँकेच्या काउंटरवर बिनदिक्कत वापरत असे. आम्ही विचुंब्याचे, म्हणजे पनवेलच्या अंगणातले, शहाणपण उपजतच! पण दैवाने सूड उगवला. सासुरवाडी मिळाली ती नेमकी अलिबागची.

पहिल्याच दिवाळसणाला भर पंगतीत ते वाक्य तोंडून निसटलं. सासऱ्यांनी वालाच्या बिरड्यावरचा हात थांबवला.

"जावईबापू, १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज एक होऊन समोरच्या कुलाबा किल्ल्यावर चालून आले. कान्होजी आंग्र्यांपुढे दोघांचं काही चाललं नाही. बावळट कोण ठरलं?"

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. मागची बाकी सोडली तर इतिहासाशी माझा संबंध नाही. मी पापड मोडत राहिलो.

सासरे थांबेनात. हा किल्ला शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये बांधायला घेतला. चहूकडे खारा समुद्र, पण आत गोडं पाणी. गावाचं नाव म्हणे अली नावाच्या बेने इस्रायली धनिकाच्या बागांवरून पडलं. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार, तिथल्या वेधशाळेची चुंबकसूची बिथरणार, म्हणून १९०४ मध्ये पृथ्वीचं चुंबकत्व मोजायला अलिबागला वेधशाळा उभी राहिली. "मुंबईत सुईचं डोकं ठिकाणावर राहीना, ते आमच्याकडे राहिलं!"

दुसऱ्या दिवशी मी एकटाच किल्ला पाहायला निघालो. ओहोटीला चालत जाता येतं, एवढं ऐकलं होतं. ओहोटीनंतर भरती येते, हे कुणाला विचारलं नाही. इंग्रजांना किल्ल्यात शिरता आलं नव्हतं. मला बाहेर पडता येईना! शेवटी एका होडीवाल्याला दया आली.

"पाव्हणे, कुठले तुम्ही?"

"विचुंब्याचा."

"वाटलंच!"

पुढे २०१९ साली ही म्हण बंद करा म्हणून कुणीतरी मुंबई उच्च न्यायालयात गेलं. न्यायालयाने याचिका फेटाळली. माझा निकाल मात्र त्या होडीतच लागला होता.

हल्ली एखादं गिऱ्हाईक डाफरतं, "मी काय अलिबागहून आलोय?"

मी नम्रपणे म्हणतो, "नाही हो. तिथले असतात तर स्लिप नीट भरली असती."