जलतापक

जलतापक (बोलीभाषेत गीझर) हे स्नान, भांडी घासणे, कपडे धुणे इत्यादी घरगुती कामांसाठी पाणी तापवणारे उपकरण आहे. वीज, इंधन वायू, लाकूड किंवा सूर्यप्रकाश यांपैकी कोणत्याही ऊर्जास्रोतावर जलतापक चालू शकतो. पाणी साठवून ठेवणारे (साठवण) आणि वाहते पाणी तापवणारे (तात्काळ) असे त्याचे दोन मुख्य प्रकार आहेत. पाणी तापवण्यास लागणारी ऊर्जा, टाकीत साचणारे क्षार आणि ज्वलनातून निर्माण होणारे वायू या तीन बाबींवर जलतापकाचा खर्च, आयुष्य व सुरक्षितता अवलंबून असते.

नाव

'गीझर' हा शब्द आइसलँडमधील 'गेसिर' या उष्णोदकाच्या कारंज्याच्या नावावरून इंग्रजीत व तेथून मराठीत आला.

इतिहास

महाराष्ट्रात पूर्वी स्नानाचे पाणी चुलीवरील हंड्यात किंवा तांब्या-पितळेच्या बंबात तापवले जाई. बंबाच्या मध्यभागी उभी नळी असून तीत लाकडाच्या ढलप्या, कोळसा किंवा गोवऱ्या जाळतात. नळीभोवतालच्या पोकळीत पाणी असते. विस्तव चहूबाजूंनी पाण्याने वेढलेला असल्यामुळे उघड्या चुलीच्या तुलनेत उष्णता कमी वाया जाते. कढत पाणी घंगाळात काढून त्यात गार पाण्याचे विसण घालण्याची पद्धत होती.

लंडनमधील बेंजामिन वॉडी मॉन यांनी १८६८ मध्ये वायूवर चालणारा तात्काळ जलतापक तयार केला व त्याला 'गीझर' असे नाव दिले. त्यात धूर बाहेर नेणारी नळी नसल्यामुळे तो धोकादायक होता. मूळचे नॉर्वेचे असलेले अभियंता एडविन रूड यांनी १८८९ मध्ये अमेरिकेत स्वयंचलित साठवण जलतापक विकसित केला. बाल्टिमोर येथील क्लॅरेन्स केम्प यांना १८९१ मध्ये सौर जलतापकाचे एकस्व मिळाले.

रचना व कार्य

विद्युत साठवण जलतापकात आतील टाकी, तिच्याभोवती उष्णतारोधक फेसाचा थर आणि बाहेरील आवरण असे तीन भाग असतात. टाकीतील तापघटक (हीटिंग एलिमेंट) पाणी तापवतो. ठरावीक तापमान गाठल्यावर थर्मोस्टॅट वीजपुरवठा तोडतो. थर्मोस्टॅट निकामी झाल्यास अतितापरोधक (थर्मल कट-आउट) वीज बंद करतो. गरम पाणी हलके असल्यामुळे वर राहते. म्हणून गार पाणी टाकीच्या तळाशी सोडले जाते आणि गरम पाणी वरच्या थरातून घेतले जाते.

पाणी २५ अंशांपासून ७५ अंश सेल्सिअसपर्यंत तापताना त्याचे आकारमान सुमारे २ टक्क्यांनी वाढते. या प्रसरणामुळे व वाफेमुळे निर्माण होणारा दाब कमी करण्यासाठी सुरक्षा झडप बसवलेली असते. पाणी तापत असताना या झडपेतून थोडे थेंब पडणे स्वाभाविक आहे. ते थांबवण्यासाठी झडपेचे तोंड बंद केल्यास टाकी फुटण्याचा धोका असतो.

ऊर्जेचा वापर

१ किलोग्रॅम पाण्याचे तापमान १ अंश सेल्सिअसने वाढवण्यास सुमारे ४.१९ किलोज्यूल उष्णता लागते. त्यानुसार १५ लिटर पाणी २५ अंशांपासून ६० अंशांपर्यंत तापवण्यास सुमारे २,२०० किलोज्यूल, म्हणजे ०.६१ युनिट वीज लागते. २ किलोवॉटच्या तापघटकाला यासाठी साधारणपणे १८ मिनिटे पुरतात. या पाण्यात २५ अंशांचे २० लिटर पाणी मिसळले असता सुमारे ४० अंशांचे ३५ लिटर पाणी मिळते. विसण घालण्यामागील गणित हेच आहे.

टाकीतील पाणी वापरले नाही, तरी उष्णता आवरणातून बाहेर जात राहते. तिला स्थायी उष्णताऱ्हास म्हणतात. पाणी व परिसर यांच्या तापमानांतील फरक जितका अधिक, तितका हा ऱ्हास अधिक असतो. त्यामुळे जलतापक दिवसभर चालू ठेवण्यापेक्षा गरजेपूर्वी थोडा वेळ चालू करणे किफायतशीर ठरते. ऊर्जा संवर्धन अधिनियम, २००१ अन्वये स्थापन झालेल्या ऊर्जा दक्षता ब्यूरोकडून भारतातील साठवण जलतापकांना १ ते ५ तारांकन दिले जाते. हे तारांकन स्थायी उष्णताऱ्हासावर आधारित असते. तारे जितके अधिक, तितका ऱ्हास कमी.

सौर जलतापक

सौर जलतापकात संग्राहकात तापलेले पाणी हलके होऊन वरच्या टाकीत चढते व टाकीतील गार पाणी खाली येते. या नैसर्गिक अभिसरणाला पंप लागत नाही. मात्र टाकी संग्राहकापेक्षा उंचीवर असावी लागते. उत्तर गोलार्धात संग्राहक दक्षिणाभिमुख व साधारणपणे स्थानिक अक्षांशाइतक्या कोनात कललेला ठेवतात. संग्राहकावरील धूळ व नळ्यांतील क्षार यांमुळे त्याची कार्यक्षमता घटते. सौर जलतापक बसवणाऱ्या निवासी मिळकतींना पुणे महानगरपालिका मालमत्ता करात सवलत देते.

देखभाल

कूपनलिकेच्या जड पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. पाणी तापताच कॅल्शियम बायकार्बोनेटचे विघटन होऊन अविद्राव्य कॅल्शियम कार्बोनेट तापघटकावर जमते. उष्णता या थरातून सावकाश जाते. त्यामुळे तापघटक स्वतःच अधिक तापून लवकर जळतो. पाणी तापण्यास लागणारा वाढीव वेळ आणि टाकीतून येणारा कडकड आवाज ही क्षार साचल्याची लक्षणे होत.

टाकी गंजू नये म्हणून तीत मॅग्नेशियमची दांडी (ॲनोड) बसवलेली असते. मॅग्नेशियम लोखंडापेक्षा अधिक क्रियाशील असल्यामुळे आधी स्वतः झिजते व टाकीचे रक्षण करते. दांडी पूर्णपणे झिजल्यानंतर टाकी गंजू लागते. म्हणून ठरावीक काळाने, आणि जड पाण्याच्या भागात अधिक वारंवार, दांडी तपासून आवश्यक असल्यास बदलणे, तळाचा गाळ काढणे व तापघटकावरील थर सौम्य सायट्रिक आम्लाने स्वच्छ करणे आवश्यक असते. अशा कामापूर्वी वीजपुरवठा तोडून पाणी थंड होऊ देतात.

तापमान कमी ठेवल्याने वीज वाचते; परंतु कोमट साठ्यात लेजिओनेला हे जिवाणू वाढू शकतात. त्यांच्या वाढीस २० ते ४५ अंशांचे तापमान अनुकूल असते, तर ६० अंशांच्या पाण्यात ते मरतात. याउलट ६० अंशांचे पाणी काही सेकंदांतच त्वचा भाजू शकते. त्यामुळे पाणी ६० अंशांवर साठवून अंगावर घेण्यापूर्वी त्यात गार पाणी मिसळणे इष्ट ठरते.

सुरक्षितता

वायूवरील जलतापक बंदिस्त स्नानगृहात चालवल्यास तेथील ऑक्सिजन कमी होतो, ज्वलन अपूर्ण राहते आणि कार्बन मोनॉक्साइड निर्माण होतो. हा वायू रंगहीन व गंधहीन असून रक्तातील हिमोग्लोबिनशी ऑक्सिजनपेक्षा २०० हून अधिक पट तीव्रतेने संयोग पावतो. डोकेदुखी, चक्कर व मळमळ ही विषबाधेची प्रारंभिक लक्षणे आहेत. मात्र अनेकदा बाधित व्यक्ती मदत मागण्यापूर्वीच बेशुद्ध होते. बोटाला लावण्याचे सामान्य ऑक्सिमीटर कार्बन मोनॉक्साइडयुक्त हिमोग्लोबिन वेगळे ओळखू शकत नाही, त्यामुळे त्यावरील आकडा समाधानकारक दिसला तरी धोका टळलेला नसतो. बाधित व्यक्तीला तत्काळ मोकळ्या हवेत नेऊन रुग्णालयात ऑक्सिजन देणे आवश्यक असते. हा धोका टाळण्यासाठी जलतापक व सिलिंडर स्नानगृहाबाहेर, हवेशीर जागी ठेवतात आणि ज्वलनवायू नळीद्वारे घराबाहेर सोडतात. केवळ एक्झॉस्ट पंखा हा अशा मांडणीला पर्याय ठरत नाही.

विद्युत जलतापकासाठी योग्य अर्थिंग व ३० मिलिअँपिअर गळतीला वीज तोडणारा स्विच आवश्यक मानला जातो. बादलीत बुडवून वापरायच्या रॉडला सहसा थर्मोस्टॅट नसतो. वीज चालू असताना त्या पाण्याला हात लावणे प्राणघातक ठरू शकते.